न झिजलेला ॲनोड ही चांगली खूण नव्हे

जुने आउटबोर्ड इंजिन (होडीच्या मागे बाहेरून बसवायचे इंजिन) घेताना त्याचा ॲनोड, म्हणजे इंजिनाऐवजी स्वतः झिजून त्याला गंजापासून वाचवणारा धातूचा तुकडा, शाबूत असेल तर ते निर्धास्तपणे घ्यावे, असा सल्ला एकाने दिला आहे; तो मला पटत नाही. रंगाखाली गंज आहे का हे कळण्यासाठी तिथले फुगवटे नखाने उकलून पाहण्याची त्यांची सूचना मात्र अगदी योग्य आहे. ॲनोड झिजण्यासाठीच बसवलेला असतो. काही वर्षे खाऱ्या पाण्यात चाललेल्या इंजिनावर तो कोरा करकरीत दिसत असेल, तर एक तर तो विक्रीपूर्वी बदललेला असतो, नाही तर त्यावर रंग मारलेला असतो किंवा त्याचा इंजिनाशी विद्युत संपर्कच तुटलेला असतो, आणि मग त्याच्याऐवजी इंजिनाचे ॲल्युमिनियम झिजू लागते. मल्टिमीटरचे एक टोक खरवडलेल्या ॲनोडवर आणि दुसरे ब्लॉकच्या उघड्या धातूवर टेकवले, की रोध जवळपास शून्य दिसायला हवा.

मालवणला मी घेतलेल्या 40 अश्वशक्तीच्या जुन्या टू-स्ट्रोकचा रंग उत्तम होता आणि इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची धारही मागून पडत होती. पण थर्मोस्टॅटच्या (या पाण्याचा प्रवाह नियंत्रित करणाऱ्या झडपेच्या) झाकणाचा पहिलाच बोल्ट पान्याचा जोर लागताच तुटला, आणि आत मीठ व पांढऱ्या भुकटीचा थर साचून पाण्याची वाट जेमतेम आगकाडीएवढी उरली होती. तेव्हापासून मी विकणाऱ्याला तेच झाकण आधी उघडायला सांगतो. तो टाळाटाळ करू लागला, तर गिअरकेसचे (खालच्या गिअरपेटीचे) तेल दुधाळ आहे का, म्हणजे त्यात पाणी शिरले आहे का, हे पाहण्याचे कष्टही मी घेत नाही.