अनुभव धागा : तुमच्याकडं लेकरांचा कोणता डबा रिकामा येतो?

मंडळी, आपल्या घरात ज्वारी आहे, तूर आहे, शेंगदाणे, तीळ, जवस आहे. तरी पोरांच्या डब्यात बिस्किटाचा पुडा जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. माझं मत असं की लेकरांना आपली चव आवडतेच. मधली सुट्टी लहान असते, गप्पा मारत एका हातानं खाता आलं पाहिजे आणि गार झाल्यावरही मऊ राहिलं पाहिजे, एवढंच त्यांचं मागणं. तुम्ही काय करता ते कृतीसकट लिहा.

माझ्याकडून धपाटे. ज्वारीच्या पिठात ग्लुटेन नसतं, म्हणून नुसती भाकरी दुपारपर्यंत निब्बर होते. तीन वाट्या ज्वारीच्या पिठाला एक वाटी कणीक आणि अर्धी वाटी बेसन घ्यायचं, लसूण-जिऱ्याचं वाटण, हळद, तीळ, भरपूर कोथिंबीर घालायची आणि पाण्याऐवजी दह्यात मळायचं. ओल्या फडक्यावर थापून तव्यावर टाकायचे. धपाटे पूर्ण निवल्याशिवाय झाकण लावू नका, वाफ धरली की लिबलिबीत होतात. लेकरांसाठी तळहाताएवढे थापते, सोबत घट्ट दही किंवा शेंगदाण्याची चटणी.
– अंबाजोगाई

ताई, आमच्याकडं डबा मी करतो, घरच्या बाई सकाळीच ड्यूटीवर जातात. हुकमी पदार्थ म्हणजे सुशीला. मुरमुरे पाण्यात बुडवून लगेच पिळायचे, जरा जास्त वेळ ठेवले तर गोळा होतो. मोहरी, कढीपत्ता, मिरची, शेंगदाण्याची फोडणी, वरून डाळव्याचं कूट, लिंबू. मिरचीचे मोठे तुकडे टाकतो, म्हणजे पोराला बाजूला काढता येतात. डाळव्याचं कूट टाळू नका, पोटाला आधार त्यानंच होतो.
– धाराशिव

आम्ही वावरात ‘परभणी शक्ती’ लावतो. इथल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून 2018 साली आलेलं ज्वारीचं हे वाण, त्यात लोह आणि जस्त जास्त आहे. पण लेकरू वाण बघून खात नाही. म्हणून रात्रीच्या उरलेल्या भाकरीचा हातानं कुस्करा करतो, त्याला कांदा-लसणाची फोडणी, थोडं ताक शिंपडून झाकण ठेवून वाफ. उतरवल्यावर लिंबू पिळतो, ‘क’ जीवनसत्त्वानं धान्यातलं लोह अंगी चांगलं लागतं. धाकटी पोरगी याला ‘भाकरीचे पोहे’ म्हणते आणि मागून घेते.
– परभणी

मी शिक्षिका आहे. शाळेच्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला 700 कॅलरी आणि 20 ग्रॅम प्रथिनं, असं प्रमाण ठरलेलं आहे. घरून येणारा डबा भरतानाही प्रथिनांचा विचार व्हावा, ही माझी कळकळीची विनंती. नुसती पोळी आणि बटाटा रोज नको. मोडाची मटकी, वरणातली डाळ आटवून केलेली कोरडी भाजी, उकडलेलं अंडं, काहीतरी एक असू द्या. पालकांनी आणखी एक करावं : डबा भरताना लेकराला जवळ उभं करावं. चटणी स्वतः भरलेलं पोर ती संपवतं, हे मी वर्गात वारंवार बघते.
– हिंगोली

मोसंबीच्या सोललेल्या फोडी. रस काढून दिला तर थोड्या वेळात कडवट होतो.
– जालना

उन्हाळ्यात काय करता? आमच्याकडं मार्चपासूनच डबा आंबतो.
– नांदेड

नांदेडकर ताई, उन्हाळ्यात ओलं खोबरं आणि कच्चा कांदा अजिबात नको. कोरड्या चटण्या, दशमी, गूळ-शेंगदाण्याचे लाडू द्या. दशमीची कणीक दुधात मळतात, पण ती नीट भाजली तर टिकते.
– अंबाजोगाई

आमच्याकडं उन्हाळ्यात शाळा सकाळची होते, नातवंडं ऊन्हातून घरी येतात आणि जेवण इथंच. आल्याआल्या त्यांना गार आंबील देते. ज्वारीचं पीठ ताकात कालवून रात्रभर ठेवायचं, सकाळी पाण्यात शिजवून निवू द्यायचं, मग ताक, मीठ, जिरं, ठेचलेला लसूण. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, शेतात पितो तीच, पण लेकरांसाठी जरा पातळ. थोडं निवांत झाल्यावर वरणफळं. तुरीच्या वरणात चिंच-गूळ घालून उकळी आली की पोरांनी कापलेल्या कणकेच्या चकत्या सोडायच्या. कुणी चांदणी कापतं, कुणी बैल. आपण कापलेली चकती ताटात शोधत शोधत दोन वाट्या वरण पोटात जातं. तूप मात्र वरून घाला, हात आखडू नका.
– लातूर