मदत हवी आहे: सासरे हेपटायटिस सीच्या दुसऱ्या तपासणीला तयार होत नाहीत (लेस्टर, इंग्लंड)

मंडळी, २०१० साली सासूबाई गेल्या, तेव्हापासून सासरे (वय ७१, मूळ तासगावकडचे) लेस्टरला आमच्याकडेच असतात. मधुमेहाच्या नेहमीच्या रक्ततपासणीत लिव्हरचा एक आकडा सारखा वाढलेला येत होता, म्हणून जीपीने (इथला फॅमिली डॉक्टर) पुढच्या तपासण्या केल्या. हेप सीच्या (रक्तातून, वापरलेल्या सुयांतून पसरणारा लिव्हरचा विषाणू) अँटिबॉडी पॉझिटिव्ह आल्या. आता आरएनए तपासणीसाठी (विषाणू अजून रक्तात आहे का ते बघायला) पुन्हा रक्त द्यायचंय आणि बाबा अडून बसलेत.

घोळ असा झाला. मी कामावर होते, म्हणून चौदा वर्षांचा मुलगा त्यांच्याबरोबर गेला. त्याचं मराठी 'भूक लागली, झोप आली' एवढंच. नर्सने यादीतला प्रश्न विचारला आणि याने तो थेट पोचवला, "आजोबा, तुम्ही ड्रग्ज घेत होता का?" माळकरी माणूस हो! त्या रात्री जेवले नाहीत. तेव्हापासून एकच पालुपद: "हा गर्दुल्ल्यांचा रोग, माझ्या नावावर चढवू नका."

मग एका संध्याकाळी मीच विषय काढला, गावात सुया कोण द्यायचं म्हणून. तर भडाभडा बोलायला लागले. बाजाराच्या दिवशी एक डॉक्टर यायचा. स्टीलच्या डबीत काचेची सिरिंज, स्टोव्हवर पातेल्यात उकळायची. रांग वाढली की उकळणं राहायचं, नुसती गरम पाण्यात बुचकळून पुढच्याच्या दंडात. तापाला सुई, अशक्तपणाला सुई. शिवाय १९८६ मध्ये मोटरसायकलवरून पडले तेव्हा दोन बाटल्या रक्त चढवलेलं. या विषाणूचा शोधच १९८९ चा, तेव्हा ते रक्त तपासणार कोण आणि कशाने?

हे त्या नर्सने विचारलंच नाही. मला राग याचाच आहे. आमच्या गल्लीतल्या पंजाबी आणि पाकिस्तानी आज्यांनाही विचारलं, त्यांच्याही गावी हीच डबी आणि हीच सुई. नशेबद्दल विचारायचं आणि डबीबद्दल नाही, मग आपली माणसं सापडणार कशी?

आता विचारायचंय ते असं: बाबांना समजवायचं कसं? त्यांच्या एका मित्राला पूर्वी याच रोगासाठी वर्षभर इंजेक्शनं घ्यावी लागली, माणूस पार खंगला, त्याचीही धास्ती आहे. आणि नणंद सध्या व्हिजिटर व्हिसावर आली आहे. तीही त्याच डॉक्टरच्या सुया घेत मोठी झाली. तिने इथे तपासलं तर बिल येईल का?

प्रतिसाद १ (फार्मासिस्ट, बर्मिंगहॅम):
ताई, आधी नातवाला या कामातून मोकळा करा. सर्जरीला, म्हणजे जीपीच्या दवाखान्याला, फोन करून मराठी दुभाषी मागा, पैसे पडत नाहीत.
अँटिबॉडी पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू कधीतरी शरीरात आला होता, एवढंच. काही जणांचा तो आपोआप जातो. आज आहे की नाही ते आरएनएच सांगते. त्यामुळे बाबांना 'रोग आहे' म्हणू नका, 'आहे का ते बघू' म्हणा.
मित्राची ती इंटरफेरॉनची इंजेक्शनं, तो काळ गेला. आता ८ ते १२ आठवडे गोळ्या, शंभरात पंचाण्णवांहून जास्त जण बरे होतात. मात्र कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल तर आधी सांगा, काहींचं या औषधांशी पटत नाही. गावाकडून येणारे काढे-चूर्णंही लपवू नका.
ताट-वाटी वेगळी करायची गरज नाही. वस्तरा, दातांचा ब्रश आणि नेलकटर तेवढे वेगळे ठेवा.
नणंदेचं म्हणाल, तर व्हायरल हेपटायटिसची तपासणी आणि उपचार यांचं बिल इंग्लंडमध्ये परदेशी पाहुण्यांनाही लावत नाहीत. भारतातही २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत, तेव्हा परत गेल्या तरी अडणार नाही.

प्रतिसाद २:
आमच्याकडे आई म्हणायची, "कावीळ झालीच नाही, मग तपासायचं काय?" चुना लावून कावीळ उतरवणाऱ्यांचं गाव आमचं. डॉक्टरांनी सांगितलं की हेप सी बऱ्याचदा पिवळेपणाशिवाय वीस-तीस वर्षं लिव्हर पोखरत राहतो. ते ऐकून तयार झाली.

धागाकर्ती:
दोघांचेही आभार. डबीची गोष्ट एका कागदावर इंग्रजीत लिहून सर्जरीत दिली, ती त्यांनी नोंदीत घातली. गुरुवारी सकाळची वेळ मिळाली आहे, मराठी दुभाषी फोनवर असेल. बाबा येतो म्हणालेत, अट एकच: नातू नको. नणंदही रक्त देते म्हणतेय. आरएनएचा रिपोर्ट आला की इथेच लिहीन.