नाइफमधला 'के' आणि डेटमधला 'बी'

इंग्रजीतली मुकी अक्षरं, म्हणजे लिहायची पण उच्चारायची नाहीत अशी, जुन्या उच्चारांच्या खुणा असतात, असं म्हणतात. नाइफ (knife, सुरी), नाइट (knight, सरदार), नी (knee, गुडघा) यांच्यापुरतं ते अगदी पटतं. जर्मन शिकायला लागले तेव्हा गुडघ्याला 'क्नी' म्हणायचं, तो 'क' स्पष्ट ऐकू आला पाहिजे, हे बाईंनी चारचारदा घोटून घेतलं होतं. त्या दिवशी इंग्रजी 'नी'मधला 'के' मला पहिल्यांदा कळला. इंग्लंडमध्येही तो शतकानुशतकं उच्चारला जात होता. इंग्लंडचा पहिला मुद्रक कॅक्स्टन याने १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला तेव्हाही तो बोलण्यात होता. पुढे उच्चार गळला, छापील अक्षर राहिलं.

पण डेटमधल्या (debt, कर्ज) 'बी'चं तसं नाही. तो इंग्रजीत कधीच कुणी उच्चारला नाही! शब्द फ्रेंचमधून आला तो 'बी'शिवाय, आणि चौदाव्या शतकातल्या चॉसर कवीच्या काळात तसाच लिहीत. नंतर लॅटिनच्या अभिमानी पंडितांनी 'डेबिटुम'शी नातं दिसावं म्हणून 'बी' घुसवला. डाउटचंही (doubt, शंका) तेच. तिथे निदान नातं तरी खरं होतं. आयलंडचं मात्र मला खरंच वाईट वाटतं. तो अस्सल जुना इंग्रजी शब्द, त्यात 'एस' नव्हताच. फ्रेंचमधून आलेल्या, लॅटिन 'इन्सुला'च्या कुळातल्या 'आइल'शी (isle, बेट) त्याची गल्लत झाली आणि परक्या घरचा 'एस' त्याला कायमचा चिकटला.