मदत हवी आहे: खांद्याचं ऑपरेशन एकच, अँकर कुठे दोन कुठे चार, आणि एस्टिमेटमध्ये दीड लाखाचा फरक

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. सासूबाईंच्या (वय ६२) उजव्या खांद्याच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनबद्दल विचारायचं आहे. पावसाळ्यात मागच्या दारच्या ओल्या पायरीवरून घसरल्या, हात टेकला, आणि तेव्हापासून हात खांद्याच्या वर जात नाही. अंबाडा घालायला नातीला हाक मारावी लागते. त्या कुशीवर झोप नाही. एमआरआयमध्ये रोटेटर कफमधलं (खांद्याच्या सांध्याभोवतीचे स्नायू) सुप्रास्पायनॅटसचं टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारा दोर, पूर्ण फाटलेलं दिसतंय, फाट साधारण २ सेंटीमीटर. फिजिओथेरपी झाली. दुखणं उतरलं, ताकद आली नाही.

ऑपरेशन करायला हवं यावर मिरजेचे आणि पुण्याचे दोन्ही डॉक्टर ठाम आहेत. पुढचं मात्र सगळं वेगळं.

पुण्याचं एस्टिमेट २,९०,०००. त्यात बायोकंपोझिट अँकर (टेंडन हाडाला बांधायचे दोरेवाले बारीक स्क्रू) ४ नग, प्रत्येकी ३२,०००. आरएफ वाँड (आतला भाग जाळून साफ करायची कांडी) २२,०००. शेव्हर ब्लेड आणि 'बर' (हाड तासायचं फिरतं टोक) ९,०००. कॅन्युला (छेदातून अवजारं आत घालायच्या नळ्या) आणि पंपाच्या नळ्या ११,०००. बाकी १,२०,००० फी, भूल, ओटी (ऑपरेशन थिएटर), खोली. शिवाय 'अ‍ॅक्रोमिओप्लास्टी' असंही लिहिलंय.

मिरजेचं १,३५,०००. टायटॅनियम अँकर २ नग, प्रत्येकी १४,०००. 'ओटी कन्झ्युमेबल्स' म्हणून एकरकमी २५,०००. बाकी ८२,०००.

म्हणजे १,५५,००० च्या फरकातले १,१७,००० निव्वळ सामानाचे. पुणं महाग हे मान्य, पण स्क्रूंची संख्याही शहराप्रमाणे बदलते का? मेडिक्लेम तीन लाखांचा फ्लोटर (सगळ्या घराला मिळून एकच रक्कम) आहे, त्यातले ८०,००० याच वर्षी सासऱ्यांच्या हर्नियाला गेले. पुण्याला गेलो तर किमान ७०,००० पदरचे. पैसे घालायला ना नाही, पण कशासाठी घालतोय ते कळू दे. आणि डॉक्टरांना हे विचारलं तर त्यांना राग येईल का? नवरा म्हणतो, "ऑपरेशनच्या आधी डॉक्टरशी घासाघीस नको." जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

ट्रे_वाला

ताई, मी बरीच वर्षं आर्थ्रोस्कोपीचं, म्हणजे सांध्याच्या दुर्बिणीच्या ऑपरेशनचं, सामान पुरवणाऱ्या डीलरकडे होतो. आता धंदा वेगळा आहे, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

हे अँकर बहुतेक हॉस्पिटलं स्वतःच्या स्टोअरमध्ये ठेवत नाहीत. आदल्या दिवशी डॉक्टरांचा किंवा ओटीच्या सिस्टरचा फोन येतो, "उद्या सकाळी कफची केस आहे." मग आमचा मुलगा पेटी घेऊन जातो. पेटीत वेगवेगळ्या मापांचे सहा-आठ अँकर असतात, एकेक निर्जंतुक पाकिटात बंद, आणि सोबत ते बसवायच्या अवजारांचा ट्रे. ऑपरेशन चालू असताना डॉक्टर जेवढे मागतील तेवढी पाकिटं फुटतात, उरलेली परत. फुटलेल्या प्रत्येक पाकिटावरचा स्टिकर पेशंटच्या फाइलमध्ये लागतो. म्हणून एस्टिमेटमधले '४ नग' हे अंदाजाचे, बिलातले मात्र स्टिकरइतकेच असले पाहिजेत.

आता किमतीचं. पाकिटावरची एमआरपी आणि डीलर हॉस्पिटलला ज्या भावाने देतो, यात मोठं अंतर असतं. बिल बहुतेक वेळा एमआरपीने होतं, मधलं अंतर हॉस्पिटलचं. एनपीपीएने (औषधांच्या किमतींवर लक्ष ठेवणारी केंद्राची संस्था) फेब्रुवारी २०१८ मध्ये दिल्ली परिसरातल्या चार खासगी हॉस्पिटलांची बिलं तपासली, तेव्हा काही वस्तूंवर १,७३७ टक्क्यांपर्यंत नफा सापडला होता. स्टेंटच्या किमतीवर फेब्रुवारी २०१७ मध्ये कमाल मर्यादा आली, गुडघ्याच्या सांध्यावर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये. खांद्याच्या अँकरला तशी मर्यादा नाही. एप्रिल २०२० पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली, त्यामुळे एमआरपी वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढवता येत नाही. पण पहिली किंमत किती छापायची त्याला कोण अडवतंय?

त्यामुळे '३२,००० ला अँकर' म्हणजे अँकर तेवढ्याचा, असं समजू नका.

हाडवैद्य_ठाणे

मी खांद्याचीच कामं करतो. वरच्या प्रतिसादातलं किमतीचं गणित बरोबर आहे, पण फक्त त्यावरून डॉक्टरचा हेतू काढू नका.

दोन अँकर म्हणजे बहुधा सिंगल रो. हाडाच्या कडेला एका ओळीत अँकर, त्यांच्या दोऱ्यांनी टेंडन ओढून बांधायचं. चार म्हणजे डबल रो. दोन आत, दोन बाहेर, आणि मधल्या दोऱ्या टेंडनला हाडावर पसरून दाबून धरतात. पकड नक्कीच चांगली मिळते. नंतरच्या स्कॅनमध्ये पुन्हा फाटण्याचं प्रमाणही डबल रोमध्ये कमी दिसतं, विशेषतः फाट ३ सेंटीमीटरच्या वर असेल तर. पण छोट्या-मध्यम फाटीत पेशंटच्या हाताला, म्हणजे दुखणं, ताकद, हात वर जाणं यात दोन्हींत फारसा फरक पडत नाही. २ सेंटीमीटरला मी स्वतः कधी दोन घालतो, कधी तीन. तिघा सर्जनना विचारा, तीन उत्तरं मिळतील आणि तिन्हींचं समर्थन करता येईल.

एस्टिमेटमध्ये न दिसणारी गोष्ट म्हणजे हाड. ६२ वर्षांच्या बाईचं हाड तिथे बरेचदा भुसभुशीत असतं. अँकर ओढून बघितला की हातात येतो. मग मोठ्या मापाचा घालावा लागतो, किंवा एखादा जास्त. त्यामुळे मिरजेच्या डॉक्टरांना जरूर विचारा, "दोन धरले नाहीत तर?"

टायटॅनियम की बायोकंपोझिट? टायटॅनियम स्वस्त आणि दणकट, पण नंतर एमआरआय काढला तर त्याच्याभोवतीचं चित्र बिघडतं आणि दुसऱ्यांदा ऑपरेशन करावं लागलं तर ते वाटेत येतं. बायोकंपोझिट हळूहळू विरघळतं. जुळून येण्यात एक दुसऱ्यापेक्षा ठळकपणे सरस आहे असं सिद्ध झालेलं नाही. सर्जन जे वापरायला शिकला तेच बहुतेक वेळा वापरतो. याला सवय म्हणा, पण हात बसलेलं अवजार ही पेशंटच्याही फायद्याची गोष्ट असते.

अ‍ॅक्रोमिओप्लास्टीबद्दल मात्र विचाराच. वरचं हाड तासायचं हे काम. लॅन्सेटमध्ये २०१८ साली आलेल्या ब्रिटिश चाचणीत नुसतं हाड तासणं आणि नुसतं दुर्बीण घालून बघणं यात पेशंटला जाणवेल असा फरक निघाला नाही. ती चाचणी पूर्ण फाट नसलेल्यांवर होती, हे खरं. पण टेंडन शिवताना सरसकट हाड तासावं यालाही भक्कम आधार नाही. हाडाला मोठा काटा आला असेल तर गोष्ट वेगळी. ते काम गळालं तर 'बर'चा खर्चही गळतो.

आणखी एक. छोटा छेद घेऊन उघडं ऑपरेशन करायची पद्धत अजून जिवंत आहे. त्यात हाडाला बोगदे पाडून त्यातूनच टाके घेता येतात, अँकरशिवायही. ब्रिटनच्या युकफ चाचणीत उघडं आणि दुर्बिणीचं यांचा दोन वर्षांनंतरचा निकाल सारखाच होता. आज तसं करणारे हात कमी झालेत, हा भाग वेगळा.

चष्मेबद्दूर

स्वस्तातलं बघायला ही भाजी आहे का? आईचा हात आहे. चांगल्यात चांगलं घाला आणि मोकळे व्हा.

कृष्णाकाठ

@चष्मेबद्दूर, चांगलं कुठलं तेच विचारतेय. महाग कुठलं ते एस्टिमेटवर छापलेलंच आहे.

न्यूजर्सीकर_सिस्टर

मी इथे अमेरिकेत डे-सर्जरी सेंटरला ओटी नर्स आहे. आमच्याकडे प्रत्येक सर्जनचं प्रेफरन्स कार्ड असतं. अमक्यांना हा अँकर, तमक्यांना ती वाँड, कॅन्युला दोन की तीन. कार्डावर आहे म्हणून पाकीट उघडलं जातं आणि न वापरता कचऱ्यात जातं, हे मी कैकदा पाहिलंय. एकाच सेंटरमध्ये, त्याच ऑपरेशनला, दोन सर्जनांच्या सामानाचा खर्च दुपटीने वेगळा पडतो. इथे सेंटरला विम्याकडून केसमागे ठरावीक रक्कम मिळते, त्यामुळे तो फरक सेंटरच्या अंगावर येतो. म्हणून इथे मॅनेजर सर्जनच्या मागे लागतात. तिकडे तो पेशंटच्या अंगावर येतो, म्हणून मागे लागणारं कोणी नसतं.

आणि सर्जनना किंमत माहीत असते हा समज सोडा. २०१४ साली हेल्थ अफेअर्समध्ये आलेल्या पाहणीत अमेरिकेतल्या सात विद्यापीठीय रुग्णालयांतल्या हाडांच्या डॉक्टरांना नेहमीच्या इम्प्लांटच्या किमती विचारल्या होत्या. खऱ्या किमतीच्या २० टक्के अलीकडे-पलीकडे सांगितलं तरी बरोबर धरलं, तरीही अनुभवी सर्जनांची उत्तरं फक्त २१ टक्के वेळा बरोबर आली. तेव्हा रागाची भीती नको. कित्येकदा त्यांनाच नव्याने कळतं.

टीपीए_डेस्क

विम्याचं माझ्याकडून, क्लेम तपासणं हेच आमचं काम. इम्प्लांट क्लेममध्ये बसतं, पण इनव्हॉइस आणि स्टिकर दोन्ही लागतात. 'ओटी कन्झ्युमेबल्स २५,०००' असं एकरकमी लिहून पाठवलं तर आमच्याकडून शंभर टक्के क्वेरी जाणार. त्यातले ग्लोव्ह्ज वगैरे कापले जातील आणि वाँड, ब्लेडचे पैसेही लटकतील. फोड करून घ्या.

दुसरं, खोलीभाडं. पॉलिसीत रोजची मर्यादा असेल आणि तुम्ही वरची खोली घेतलीत तर सर्जनची फी, ओटी, भूल हे सगळं त्याच प्रमाणात कापलं जातं. इम्प्लांट, औषधं आणि कन्झ्युमेबल्सना ही कपात लावायची नाही, असं आयआरडीएआयने (विमा कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था) २०२० मध्येच सांगितलंय. तरी लावलेली दिसली तर लेखी हरकत घ्या. पुण्याचं एस्टिमेट कुठल्या खोलीचं आहे ते बघा.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. दोन्हीकडे फोन झाले. राग कोणालाच आला नाही, नवऱ्याला सांगितलंय.

पुण्याचे डॉक्टर म्हणाले, कफच्या केसला त्यांचा ऑफिसवाला सरसकट चार अँकर टाकतो. २ सेंटीमीटरला तीनमध्ये भागेल असं त्यांना वाटतं. एक्स-रे पुन्हा बघून हाड तासायचं काढून टाकलं. अँकरच्या किमतीवर मात्र "ते बिलिंगला विचारा," आणि बिलिंगचं म्हणणं, एमआरपीच्या खाली येत नाही. खोली सिंगल धरलेली होती.

मिरजेच्या डॉक्टरांनी हाडाचा प्रश्न विचारल्यावर दहा मिनिटं दिली. पेटीत मोठ्या मापाचे अँकर मागवतात, दोन धरले नाहीत तर तिसरा घालतात, तोही १४,००० नेच, आणि वापरले तेवढेच लावतात. हे त्यांनी एस्टिमेटवर हाताने लिहून सही करून दिलं. महिन्याला खांद्याची किती ऑपरेशनं करता हेही विचारलं, उत्तर समाधानकारक होतं. मिरजेचं नक्की करतोय. २५,००० ची फोड उद्या मिळेल.

एक शेवटचं. ऑपरेशननंतर उशी असलेला पट्टा सहा आठवडे लागणार आहे, तो हॉस्पिटलचा ६,५०० ला. बाहेर घेतला तर चालतो का?

ट्रे_वाला

पट्टा बाहेरून घ्या, बिनधास्त. तो निर्जंतुक लागत नाही, कंपनीही कुठली ठरलेली नसते. डॉक्टरांकडून फक्त प्रकार आणि माप लिहून घ्या. मिरजेत सर्जिकलची दुकानं ढिगाने आहेत, दोन-तीन ठिकाणी भाव विचारा. ऑपरेशनच्या आधीच आणून सासूबाईंना घरी घालून बघा, उशी बोचत असेल तर बदलून मिळेल. फोडीत वाँड आणि ब्लेडपुढे 'नवीन' असं लिहून घ्या आणि त्यांची रिकामी पाकिटं मागा. एकदा वापरायच्या वस्तू धुऊन पुन्हा वापरून बिल नव्याचं लावणारी ठिकाणं मी पाहिलेली आहेत. तुमच्या डॉक्टरांबद्दल म्हणत नाही, पण पाकिटं मागायला पैसे पडत नाहीत.