मदत हवी आहे : जुन्या दिवाणातील ढेकूण दोन फवारण्यांनंतरही जात नाहीत

नवा_भाडेकरू
इंदूरच्या भंवरकुआँ भागातून शिक्षण संपवून गावी परतणाऱ्या एका विद्यार्थ्याकडून आम्ही दिवाण आणि गादी स्वस्तात घेतली. तिसऱ्याच रात्री दंडावर एका ओळीत गांधी उठल्या. दोनदा फवारणी केली, गादी दिवसभर गच्चीवर टाकली, तरीही पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. पुढच्या रविवारी सासरे राहायला येत आहेत. कृपया नेमका उपाय सांगावा. रात्र जागून काढल्यावर हे लिहीत आहे.

तपशीलवार
गादी कापसाची की फोमची? दिवाण लोखंडी की लाकडी? काय फवारले, कोठे फवारले आणि दोन फवारण्यांत अंतर किती होते? घरात लहान मूल आहे का? हे ठाऊक नसताना उपाय सांगणे म्हणजे नाडी न पाहता पुडी बांधून देणे होय.

रामबागकर
गादी कापसाचीच असणार. आमच्या लहानपणी मे महिन्यात गाद्या गच्चीवर जात, लोखंडी खाटांच्या नळ्यांत उकळते पाणी ओतले जाई आणि भेगांत रॉकेल सोडले जाई. इंदूरच्या ४२ अंशांच्या उन्हात ढेकूण वाचेलच कसा?

तपशीलवार
वाचतो. ढेकूण आणि त्याची अंडी खात्रीने मरायची, तर सुमारे ५० अंशांची उष्णता प्रत्यक्ष त्यांच्यापर्यंत पोहोचावी लागते. वरचे कापड हाताला चटका देते, आतले थंडच राहते आणि ढेकूण सावलीच्या बाजूला सरकतात. रॉकेल तर कोणी सुचवूच नये. त्याच खोलीत संध्याकाळी उदबत्ती लागते.

रामबागकर
आमच्या घराला कधी आग लागली नाही, एवढेच नम्रपणे नमूद करतो.

सागवानी
माझ्या मते दिवाण नेहमी सागवानाचाच घ्यावा. प्लायवूडला दोन पावसाळ्यांत फुगवटा येतो.

नवा_भाडेकरू
लाकडाचा प्रश्न मी विचारलेला नाही. गादी फोमची असून दिवाण प्लायवूडचा, पेटीचा आहे. डासांचा फवारा गादीवर मारला, दोन दिवसांच्या अंतराने. मुलगी चौदा महिन्यांची आहे. दुकानदाराने आता गव्हाच्या कोठीत ठेवायच्या गोळ्या दिल्या आहेत. त्या पेटीत ठेवून झाकण लावू का?

तपशीलवार
मुळीच नाही. हवेतल्या ओलाव्याने त्या गोळ्यांतून फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो आणि तो बंद खोलीत माणसे मारतो. पाकीट उघडू नका. मुलीच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी, घराबाहेर ठेवा आणि परत करा. मूल आहे का, हे मी याचसाठी विचारले होते.

वाफाळ
आता मूळ मुद्दा. तुम्ही गादीवर फवारत राहिलात आणि वस्ती पेटीत राहिली. दिवाण पूर्ण उघडा, स्क्रू काढा, मागची फळी सोडवा आणि बॅटरीच्या उजेडात सांधे पाहा : शाईच्या टिंबांसारखे काळे ठिपके, फिकट कात, एक मिलिमीटरची पांढरी अंडी. जे दिसेल ते व्हॅक्यूमने ओढा आणि पिशवी लगेच बांधून टाका. मग सांध्यांवर वाफ संथपणे फिरवा. चादरी व अभ्रे खूप गरम पाण्यात धुवा आणि गादीला चेनचे, सर्व बाजूंनी बंद होणारे आवरण घाला. अंडी सहा ते दहा दिवसांत फुटतात, म्हणून दोन दिवसांनी केलेली दुसरी फवारणी वाया गेली. दहा-बारा दिवसांनी हे सगळे पुन्हा करावे लागेल. डासांच्या फवाऱ्यातील बऱ्याच औषधांना ढेकूण आता दाद देत नाहीत. दरम्यान दुसऱ्या खोलीत झोपायला जाऊ नका. ते मागोमाग तिथे येतील.

रामबागकर
फळी सोडवण्याचा मुद्दा मान्य. आमच्या आजीही खाटेच्या खुंट्या आधी ठोकून काढत असत.

नवा_भाडेकरू
काल रात्री फळी सोडवली. डोक्याकडच्या बाजूला स्क्रूच्या एका भोकात मसुराच्या डाळीएवढे सात-आठ जण दाटीने बसले होते आणि भोकाभोवती जणू कोणी बॉलपेन झटकले होते. गादीत मात्र शिवणीजवळ फक्त दोनच सापडले. वाफेचे यंत्र शेजारच्या काकूंकडून मिळाले, गोळ्या परत केल्या. सासऱ्यांना खरे कारण सांगून त्यांचे येणे तीन आठवडे पुढे ढकलले. ते म्हणाले, "अगं, आमच्या महूच्या क्वार्टरमध्ये काय कमी होते?"