कॅल चेडर: लॅटिन जॅझच्या घरचा की पाहुणा?

खर्जातला (धागाकर्ता)
आठवडाभर कॅल चेडर हा अमेरिकन जॅझवाला ऐकतोय (चीजवरचे विनोद आधीच उरकून घ्या). व्हायब्राफोन (धातूच्या पट्ट्यांवर काठ्यांनी वाजवायचं वाद्य) गोड वाजवतो, वादच नाही. पण लॅटिन जॅझ (क्यूबाकडचे ताल मिसळलेलं जॅझ) म्हटलं की पहिल्या दोन-चार नावांत हा कसा? स्वीडिश वंशाचा, वाढला कॅलिफोर्नियात, आईवडिलांच्या नाचाच्या शाळेत. १९५३ मध्ये पियानोवादक जॉर्ज शिअरिंगच्या बँडमध्ये शिरला, न्यूयॉर्कला माचितो आणि टिटो पुएंते हे लॅटिन बँडवाले ऐकले आणि १९५४ मध्ये सान फ्रान्सिस्कोला स्वतःचा माम्बो (क्यूबन नाचाचं संगीत) वाजवणारा पाचजणांचा क्विंटेट काढून मोकळा! वर्षभराची शिकवणी आणि लगेच स्वतःचा क्लास. पुएंते स्वतः व्हायब्राफोन वाजवायचा, शिवाय टिंबालेसवर (काठ्यांनी वाजवायच्या तालवाद्यांच्या जोडीवर) घाम गाळायचा. चेडर ऐकताना पंख्याखाली बसल्यासारखं वाटतं.

ताशा_तर्रार
साफ असहमत. 'वर्षभराची शिकवणी' कसली? हा मुळात ड्रमर. पियानोवादक डेव्ह ब्रुबेकच्या त्रिकुटात ड्रम्स वाजवायचा, तिथेच व्हायब्राफोनही हाताळायला लागला. आणि मोंगो सांतामारिया व विली बोबो हे दोघे तालवादक पुएंतेचा बँड सोडून याच्याकडे आले. हात धरून कोणी ओढलं नव्हतं. मोंगोची धून 'अफ्रो ब्लू' १९५९ मध्ये पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झाली ती चेडरच्याच बँडबरोबर. सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनने ती नंतर घेतली. तिचा ताल मांडीवर उजव्या हाताने तीन आणि डाव्याने दोन, एकाच वेळात, वाजवून बघा. पहिल्या मिनिटात बोटं भांडतात. त्या भांडणावर चेडर निवांत सूर सोडतो. तुम्हाला पंखा वाटतो ते हेच.

खर्जातला
तीन-दोनची करामत मोंगोची, मुखपृष्ठावर नाव चेडरचं. माझा मुद्दा तोच आहे की!

शिळी_पोळी
मुखपृष्ठावर बँडवाल्याचंच नाव येणार, त्यात नवल काय? पण खर्जातल्यांशी अर्धी सहमत. 'सोल सॉस' हे त्याचं सगळ्यात खपलेलं काम, आणि ती धून मूळची ट्रम्पेटवाला डिझी गिलेस्पी आणि तालवादक चानो पोझो यांची, १९४८ मधली. त्यात मधेच "साबोर!" अशी आरोळी येते ना, ती विली बोबोची. साबोर म्हणजे चव. मीठमसाला दुसऱ्याचा, ताट याचं.

मांडवीकाठ
मग आपल्याकडे काय म्हणणार? सी. रामचंद्रांनी १९५१ मध्ये 'अलबेला'त बोंगो (क्यूबाकडचे छोटे जोडढोल) वाजवून घेतले, चिक चॉकलेटसारखा गोव्याचा ट्रम्पेटवाला जोडीला होता. त्यांना कोणी पाहुणा म्हणत नाही. दुसऱ्याचा ताल घेतला यात गुन्हा नाही, तो बेतालपणे घेतला तर आहे. लॅटिन तालातला क्लावे म्हणजे दोन मात्रागटांत विभागलेले पाच ठोके, बाकी सगळे वादक त्याला धरून चालतात. चेडर तो सोडताना मला तरी ऐकू आलेला नाही.

खर्जातला
सी. रामचंद्रांचं नाव कोणी 'क्यूबन संगीता'च्या यादीत घालत नाही, मांडवीकाठ. माझी तक्रार यादीची आहे, वाजवण्याची नाही.

ताशा_तर्रार
यादीचंच बोलायचं तर १९६६ मधली पियानोवादक एडी पामिएरीबरोबरची 'एल सोनिदो नुएव्हो' ही तबकडी ऐकलीत का? न्यूयॉर्कच्या पोर्तो रिकन वस्तीतला पामिएरी, त्याचे ट्रॉम्बोन (फुंकून वाजवायचं पितळी वाद्य) भिंत फोडल्यासारखे वाजतात आणि व्हायब्राफोन त्यात दबत नाही. पाहुण्याला कोणी इतकी धक्काबुक्की करत नसतं. चेडरच्या शेवटच्या काळात पोंचो सांचेस त्याच्याकडे कोंगा (हातांनी वाजवायचा उंच ढोल) वाजवत होता, पुढे स्वतःच मोठा बँडवाला झाला. चेडरच्या 'ला ओंदा वा बिएन' या तबकडीला ग्रॅमीही मिळालं, लॅटिन विभागात. १९८२ मध्ये मनिलाला दौऱ्यावर असतानाच चेडर वारला, ५६ वर्षांचा.

शिळी_पोळी
ग्रॅमी हा पुरावा धरू नका हो. ट्रॉम्बोन धरा.

खर्जातला
पामिएरीची तबकडी ऐकली नव्हती, कबूल. आत्ता पहिली बाजू संपली. पंखा बंद आहे. पुएंतेचा मुद्दा मात्र सोडलेला नाही.