मदत हवी आहे: वडिलांचा नियम न मोडता मोठी ऑर्डर कशी घ्यावी?

नमस्कार मंडळी. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशिनशॉप आहे, कास्टिंगचं मशिनिंग करतो. बाबांचा नियम एकच: बँकेचं कर्ज नाही आणि कामगारांचा पगार एक दिवसही लांबवायचा नाही. मंदीत आम्ही यामुळेच तरलो, म्हणून मलाही तो मनापासून पटतो.

आता एका मोठ्या कंपनीचं काम दुप्पट होतंय, पण पैसे 90 दिवसांनी. आमची लघुउद्योग म्हणून उद्यम नोंदणी आहे. 2006 च्या एमएसएमई कायद्यातली 45 दिवसांची मर्यादा दाखवली, ॲडव्हान्सही मागितला; दोन्हीला नकार. तक्रार करून संबंध तोडायचे नाहीत. सीसीला, म्हणजे बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाला, बाबा तयार नाहीत.

उरतो ट्रेड्सचा (TReDS, लघुउद्योगांची बिलं बँकांना विकून लवकर पैसे मिळवण्याचा ऑनलाइन मंच) मार्ग. तिथं बिल विकल्यावर खरेदीदारानं पैसे बुडवले तरी वसुली आपल्याकडून होत नाही, मग ते कर्ज कसं? 250 कोटींवर उलाढालीच्या कंपन्यांना तिथं नोंदणी सक्तीची आहे, ही कंपनी त्यात बसते.

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलमध्ये कुणी हे वापरलंय का? खरेदीदार बिल मान्य करायला किती दिवस लावतो, व्याज कुणाच्या माथी बसतं? आणि घरच्या मोठ्यांना हे कर्ज नव्हे, हे तुम्ही कसं पटवलंत?